गुंडी गेली, बाळ आलं, आणि मधे भुऱ्या

गुंडीचे झोपेतले श्वास मी रोज रात्री मोजायचे. मोबाईलवर एक मिनिट लावायचं, तिच्या बरगड्यांवर नजर ठेवायची, छाती वर जाऊन खाली आली की एक. आकडा ३० च्या आत आला की दिवा मालवायचा. सलग ३० च्या वर जायला लागला की डॉक्टरांना फोन. तिच्या हृदयाची डावीकडची झडप नीट मिटत नव्हती. त्यामुळे रक्त मागे फिरायचं आणि त्याचा ताण वाढला की फुप्फुसात पाणी साठायचं. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार बराच दिसतो, आणि पाणी साठायला लागल्याची पहिली खूण बहुतेक वेळा झोपेतल्या श्वासातच सापडते. गुंडी तेरा वर्षांची होती, नऊ किलोची.

हृदयाची गोळी दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी. पाणी उतरवणारी गोळी वेगळी. तिने सारखी लघवी होते, म्हणून पाण्याचं भांडं रिकामं ठेवायचं नाही आणि रात्री दोनदा तरी तिला बाहेर न्यायचं. मला तेव्हा पाचवा महिना लागला होता आणि रात्री दोनदा मलाही उठावं लागायचंच. आम्ही दोघी बरोबर उठायचो. भुऱ्या, आमचा सहा वर्षांचा दुसरा कुत्रा, झोपेतच एक डोळा उघडून आम्हाला बघायचा आणि गुंडी परत येऊन शेजारी टेकली की पुन्हा झोपायचा.

सातव्या महिन्यात गोळ्यांचा उपयोग होईनासा झाला. आठवड्यात दोनदा तिला ऑक्सिजन द्यावा लागला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला एक तक्ता दिला. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी तो तयार केलेला आहे. त्यात सात गोष्टी पाहायच्या असतात: वेदना, भूक, पोटात पाणी जातंय का, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. श्वासाचा त्रास वेदनेतच धरायचा. प्रत्येक गोष्टीला ० ते १० गुण, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर अजून चालू ठेवायला हरकत नाही. डॉक्टर म्हणाले, "दोघांनी वेगवेगळं भरा. एकमेकांचं बघू नका."

माझी बेरीज आली ४१. नवऱ्याची २९.

आम्ही एकेक ओळ पुन्हा वाचली. 'आनंद' या ओळीत मी आठ गुण दिले होते. नवऱ्याने विचारलं, "आज ती कशाने खूश झाली, सांग ना." मला एकही गोष्ट सांगता येईना. मी गुण दिले होते ते गेल्या वर्षीच्या गुंडीला, किल्लीचा आवाज आला की गोल गोल फिरणाऱ्या गुंडीला. आजची गुंडी मान लांबवून, कोपरं बाहेर काढून बसत होती, कारण आडवं झालं की तिला श्वास घेता येत नव्हता. त्याच रात्री आम्ही ठरवलं.

डॉक्टर घरी आले. पुढे काय होणार ते त्यांनी आधीच नीट सांगितलं, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन. ती गाढ झोपली की शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. त्याने आधी श्वास थांबतो, मग हृदय, आणि हे सगळं काही मिनिटांत होतं. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखं वाटू शकतं, स्नायू फुरफुरू शकतात, पण तेव्हा तिला काहीच कळत नसतं. तसा एक श्वास खरंच आला. आधी माहीत नसतं तर मी किंचाळले असते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पोटात बाळ लाथा मारत होतं, आणि माझा हात दोघींच्या मधे होता.

भुऱ्याला आम्ही नंतर आत सोडलं. त्याने तिचा कान हुंगला, मग पंजे, मग पुन्हा कान. एकदा नाकाने तिला हलकेच ढकललं. मग तो दूर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

पुढच्या दोन महिन्यांत मी ज्या चुका केल्या, त्या सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

पहिली चूक तिसऱ्याच दिवशी झाली. गुंडीच्या गादीचं कव्हर मी धुऊन टाकलं. मला ते तसं बघवत नव्हतं. संध्याकाळी भुऱ्या गादीपाशी गेला, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि घरभर शोधायला लागला. पलंगाखाली, दाराआड, न्हाणीघरात. तोवर तो त्या गादीच्या कडेला झोपत होता. त्या रात्रीपासून बाहेरच्या दारापाशी झोपू लागला. त्याला उरलेला तिचा वास मी पुसून टाकला होता. तिची एक जुनी चादर कपाटात सापडली, ती मी न धुता त्याच्या जागेवर अंथरली. ती अजून तिथेच आहे.

खाणं त्याने निम्म्यावर आणलं. दीड दिवस काहीच खाल्लं नाही तेव्हा त्याला तपासून आणला, आणि ते करायलाच हवं. सगळं दुःखाच्या खात्यावर टाकून एखादा आजार नजरेआड करू नये. तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी इटलीतल्या एका पाहणीबद्दल सांगितलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ज्यांच्या घरातल्या दोन किंवा जास्त कुत्र्यांपैकी एक गेला होता अशा ४२६ जणांना प्रश्न विचारले होते. त्यातल्या ८६ टक्के लोकांनी मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात फरक पडल्याचं सांगितलं: खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, माणसाला चिकटून राहणं. अनेकांच्या घरी हे महिनोन्महिने चाललं होतं. मला त्या आकड्यांचा फार आधार वाटला. भुऱ्याला काही झालेलं नव्हतं, त्याचं माणूस गेलं होतं. माणूस हाच शब्द मला तेव्हा सुचला, आणि तोच बरोबर आहे.

पण घरात येणारं प्रत्येक जण वेगळंच म्हणत होतं. भुऱ्या माझ्या मागे मागे फिरतो, मी आत गेले की दाराशी कुईंकुईं करतो, हे पाहून सगळ्यांचं एकच, "बघ, आत्तापासून जळतोय. बाळ आल्यावर काय करेल?" मला म्हणायचे, "आता बाळ येणारच आहे ना, मग कुत्रीसाठी किती रडायचं?" ही दोन वाक्यं मी दिवसाआड ऐकत होते. दुसऱ्याने मी दुखावले, पण जास्त नुकसान केलं ते पहिल्याने, कारण ते मला पटलं. भुऱ्या जळतोय असं धरून मी त्याला 'सवय लावायला' लागले. एका रात्रीत त्याला झोपायच्या खोलीबाहेर काढलं. जवळ आला की दूर सारायचे. गुंडी जाऊन तीन आठवडे झालेला कुत्रा, आणि मी त्याच्याकडून मीही काढून घेतली.

सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांना कुत्र्यांचा फारसा लळा नाही. एका दुपारी त्या म्हणाल्या, "अगं, तो जळत नाहीये, तो बावरलाय. कोणी आलं की तो आधी गुंडीच्या मागे जायचा. आता कोणाच्या मागे जाईल?"

ते अगदी खरं होतं. तीन महिन्यांचा असताना तो आमच्याकडे आला, तेव्हापासून प्रत्येक नवी गोष्ट आधी गुंडी हुंगायची आणि मग हा. पाहुणे, झाडू, पाऊस, फटाके, सगळं. ती शांत असेल तर हा शांत. ती त्याचा आडोसा होती. आता घरात आजवरची सगळ्यात मोठी नवी गोष्ट येणार होती, आणि ती आधी हुंगून बघायला त्याच्यापुढे कोणीच नव्हतं.

मग आम्ही सगळी तयारी त्या नजरेने पुन्हा केली. त्याला खोलीत परत घेतलं आणि त्याची गादी आठवड्याला हातभर अशी दाराकडे सरकवत नेली. फिरायची वेळ बाळ आल्यावर बदलणारच होती, म्हणून ती आधीच बदलली आणि त्याला नवरा नेऊ लागला. रिकामी बाबागाडी घेऊन तिघं फिरून आलो. तान्ह्या बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग मोबाईलवर लावलं, सुरुवातीला इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू येईल. कुत्र्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतात, आपल्याला कुजबूज वाटते ती त्यांना पुरते. आवाज सुरू झाला की त्याच्यापुढे खाऊ, बंद झाला की खाऊ बंद. तो कान मागे टाकेल किंवा जांभई देईल, तर आवाज आणखी कमी. जांभई म्हणजे झोप आली असं नव्हे, ती बरेचदा ताणाची खूण असते. पंधरा-वीस दिवसांत पूर्ण आवाजातल्या रडण्यावर तो शेपूट हलवत स्वयंपाकघरात जाऊन बसू लागला.

बाळंतपणाआधी त्याला लस आणि जंताचं औषध दिलं. कुत्र्यांच्या आतड्यातले गोलकृमी रांगत्या, हात तोंडात घालणाऱ्या बाळाला बाधू शकतात, त्यामुळे या वेळापत्रकात आम्ही अजूनही ढिलाई करत नाही. एक भीती मात्र बिनबुडाची निघाली. गरोदरपणात टोक्सोप्लाझ्मा नावाच्या ज्या सूक्ष्म परजीवीला घाबरतात त्याची अंडी पडतात ती मांजराच्या विष्ठेतून, कुत्र्याच्या नव्हे. "केसांनी बाळाला होतं काहीतरी" असं म्हणत भुऱ्याला दुसरीकडे द्यायला सांगणाऱ्यांना मी हेच सांगत राहिले.

लेक जन्मली त्या रात्री नवऱ्याने तिचं दुपटं घरी नेलं. हातात धरून, भुऱ्याला लांबूनच हुंगू दिलं. घरी आलो तेव्हा लेक नवऱ्याजवळ बाहेर थांबली आणि मी एकटी आत गेले. चार दिवसांनी मी दिसले होते. त्याचं उड्या मारणं, रडणं, माझे हात चाटणं सगळं होऊ दिलं. तो निवांत झाल्यावर नवरा तिला घेऊन आला. पट्टा सासूबाईंनी धरला होता, सैल. भुऱ्याने दोन हातांवरून हवा हुंगली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. तो गुंडीकडे अगदी असंच बघायचा. मी संथ श्वास घेतला, "ये" म्हणाले, आणि तो माझ्या पायाशी येऊन बसला. त्या दिवशी तेवढंच. चेहऱ्याजवळ नाक नेऊ देण्याची कसलीही घाई आम्ही केली नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. सवयीने मोबाईलवर मिनिट लावलं आणि लेकीचे श्वास मोजले. ४६. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. दोन वर्षं ३० हा आकडा माझ्या अंगात भिनला होता. त्यात मधेच तिचा श्वास पाच सेकंद थांबला आणि मग भरभर आला. रात्री दोन वाजता बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६० असतो आणि काही सेकंदांचे असे थांबे नेहमीचेच. ओठ निळसर दिसले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा थांबा लांबला, तर लगेच या. मी फोन ठेवला आणि गुंडी गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने रडले. भुऱ्या दारातून उठून आला आणि माझ्या पावलांवर हनुवटी टेकवून पडला.

पहिले सात महिने निभावले. एकच नियम कधी मोडला नाही: दोघांना एकटं सोडायचं नाही, न्हाणीघरात जाऊन येईपर्यंतही नाही. दाराला जाळीचं फाटक लावलं होतं.

आठव्या महिन्यात ती रांगायला लागली. तोवर एका जागी पडून असणारी गोष्ट आता त्याच्या दिशेने येत होती. एका सकाळी तो त्या जुन्या चादरीवर पडला होता. लेक रांगत गेली. मी तीन हातांवर होते. त्याने आधी मान फिरवली, मग ओठांवरून जीभ फिरवली, मग डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसू लागलं. मला वाटलं, किती गोड आहेत दोघं. तिने चादरीला हात घातला आणि तो गुरगुरला.

मी तिला उचललं. नवरा ओरडणार होता, मी त्याला थांबवलं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने शब्दांत सांगितलेलं 'नको'. त्यासाठी शिक्षा केली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. त्याने त्याआधी तीनदा सांगितलं होतं, मला वाचता आलं नव्हतं. पुन्हा डॉक्टरांकडे नेलं, कुठे दुखत नाही ना ते पाहिलं, आणि कुत्र्यांच्या वागणुकीच्या जाणकार बाईंना घरी बोलावलं. त्यांनी पहिलं काम सांगितलं ते चादरीचं. ती फाटकापलीकडे, लेक कधीच पोचणार नाही अशा जागी गेली. दुसरं, लेक जवळ आली की त्याला उठून जाता येईल अशी वाट नेहमी मोकळी. तिसरं, तो उठून गेला की कौतुक माझ्याकडून, त्याच क्षणी.

आता लेक चौदा महिन्यांची आहे. उघड्या हाताने, पाठीवरून, माझा हात तिच्या हातावर ठेवून ती भुऱ्याला कुरवाळते. तीनदा हात फिरवला की आम्ही थांबतो आणि बघतो. तो सरकून जवळ आला तर आणखी तीनदा. उठून गेला तर ती "बाय" म्हणते. बहुतेक दिवशी तो जवळ सरकतो. काही दिवशी उठून फाटकापलीकडे त्याच्या चादरीवर जातो.

भुऱ्या आता आठाकडे चाललाय. रविवारी रात्री, लेक झोपली की, मी चादरीशेजारी बसते आणि मोबाईलवर मिनिट लावते. परवा १७ आले.