दोरो नदीतली बोट आणि पोर्ट वाईन: कुठून बसावं, कुठे चाखावं

पोर्तुगालमधल्या पोर्टोला जाणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात, नदीत बोट घ्या आणि पोर्ट वाईन चाखा. सल्ला बरोबरच आहे, पण कुठली बोट आणि कुठे चाखायची हे कोणी नीट सांगत नाही, त्यामुळे बरेच जण पन्नास मिनिटांची सहा पुलांची फेरी करतात, समोरच्या काठावर तीन ग्लास पितात आणि पोर्ट बघितली म्हणून परत येतात. पोर्टो शहरात द्राक्षाचा एक वेलही नाही हो! समोरच्या गाया गावात जी मोठमोठी नावं लिहिलेली गोदामं दिसतात तिथे वाईन फक्त मुरायला ठेवतात, द्राक्षं पिकतात ती शंभरेक किलोमीटर वर, नदीच्या उगमाच्या दिशेला. तेव्हा जमत असेल तर वरपर्यंत जाच.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, नणंद आणि सासूबाई. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, शुद्ध शाकाहारी, दारूचा थेंब नाही, गुडघे कुरकुरणारे. हे मुद्दाम सांगतेय कारण अशा ग्रुपला ही ट्रिप झेपेल का असं मला निघायच्या आधी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. झेपते, थोडं प्लॅनिंग लागतं.

तर बोटीचं गणित असं. पोर्टोहून रेग्वा गावापर्यंत दिवसभराची मोठी बोट जाते, सकाळी निघते, नाश्ता आणि जेवण बोटीवरच, दुपार कलायच्या सुमाराला रेग्वाला पोचते आणि मग तुम्हाला ट्रेनने किंवा बसने परत पोर्टोला आणतात, काही दिवशी उलट असतं, जाताना ट्रेन आणि येताना बोट. आम्ही जाताना बोट घेतली आणि परत न येता रेग्वालाच राहिलो. आता खरं सांगायचं तर या मोठ्या बोटीतून द्राक्षाचे मळे फार दिसतात अशी अपेक्षा ठेवू नका. सुरुवातीचे कित्येक तास नुसत्या हिरव्या टेकड्या, निलगिरीची झाडं, मधूनच एखादं पांढरं चर्च, घरं. छान आहे पण तेच तेच आहे, नणंद तर दोनदा झोपून उठली. वाईनचा प्रदेश रेग्वाच्या थोडं अलीकडे सुरू होतो आणि खरी मजा रेग्वाच्या पुढे आहे. मग मोठी बोट घ्यायची कशाला? तर लॉकसाठी.

या नदीच्या पोर्तुगालमधल्या बोटी चालणाऱ्या भागात पाच धरणं आहेत, बहुतेक १९७० आणि ८० च्या दशकातली, आणि प्रत्येक धरणाच्या कडेला बोटींसाठी पाण्याची लिफ्ट म्हणजे लॉक आहे. रेग्वापर्यंत अशा दोन लागतात. पहिली क्रेश्तुमा, साधारण १४ मीटरची, ती झाली की सगळे फोटो काढून खुश होतात, पण थांबा, खरी आहे ती काराप्तेलोची. ३५ मीटर! बोट एका ओल्या, काळ्या काँक्रीटच्या विहिरीत शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, वर फक्त आभाळाची पट्टी दिसते, आणि मग खालून पाणी भरायला लागतं आणि एवढं मोठं धूड कसलाही धक्का न बसता वर वर सरकायला लागतं. पाव तास वगैरे लागतो. सासूबाई, ज्यांना सकाळपासून 'अजून किती वेळ' हा एकच प्रश्न पडला होता, त्या रेलिंगला धरून शेवटपर्यंत उभ्या, म्हणाल्या, "अगं पण पाणी येतंय कुठून एवढं?" युरोपातल्या सगळ्यात उंच लॉकपैकी हा एक आहे. जेवणाची वेळ नेमकी याच सुमाराला येते त्यामुळे वाढणाऱ्यांना आधीच विचारून ठेवा काराप्तेलो कधी येणार, जेवण थांबू शकतं.

जेवणाचं: बुकिंग करतानाच शाकाहारी लिहा आणि सोबत 'मासे पण नाही' हेही लिहा, कारण तिकडे मासा पुष्कळ जण मांसाहारात धरत नाहीत. काल्दो व्हेर्द नावाचं पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसायला निरागस असतं पण त्यात सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून आधीच सांगायचं. आम्हाला सूप, भात, उकडलेल्या भाज्या आणि अंड्याचं काहीतरी मिळालं, अंडं सासूबाईंना चालत नाही, मग आमच्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या निघाल्या. रेस्टॉरंटमध्ये बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर हात लावायचा नाही आणि परत न्यायला सांगायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही.

आणि हो, डेकवर वारा चांगलाच झोंबतो, सप्टेंबरअखेर होता तरी सकाळी जॅकेट लागलं आणि दुपारी टोपी. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वरच्या खोऱ्यात पारा चाळीसपर्यंत जातो. तिथले लोकच म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असते त्यामुळे गर्दी आणि भाव दोन्ही जास्त पण बघायलाही तेवढंच जास्त.

रेग्वा गाव तसं साधंच आहे, एक चांगलं दोरो म्युझियम आहे तेवढं बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनने पिन्याऊंला गेलो, अर्ध्या तासाचाही प्रवास नाही पण रूळ अगदी पाण्याला चिकटून जातात. पोर्टोकडून येताना उजव्या हाताची खिडकी पकडायची, नदी त्याच बाजूला आहे. पोर्टोहून थेट पिन्याऊंला ट्रेनने यायचं असेल तर अडीच तास धरा, पहिला तासभर नदी दिसत नाही, मग एकदम येते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. दिवसाला गाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. सीट नंबर नसतो, साव बेंतोहून सुटणारी गाडी असेल तर तिथेच चढा, कांपान्या या पोर्टोच्या दुसऱ्या स्टेशनवर गर्दी होते, आणि साव बेंतो स्टेशनच्या हॉलमधल्या निळ्या टाइल्स बघायला तसंही जायचंच असतं. ६५ च्या वरच्यांना तिकीट अर्ध्या किमतीत मिळतं, पासपोर्ट दाखवायचा.

पिन्याऊं स्टेशनवरही टाइल्सची २४ चित्रं आहेत, तोडणी, टोपल्या वाहणारे गडी, बैलगाड्या, बोटी. ती आधी नीट बघा, कारण पुढे जे बघणार आहात त्याची सगळी गोष्ट त्यात आहे. स्टेशनपासून धक्का पाच-सात मिनिटांवर, तिथून राबेलो बोटी सुटतात, तासाची फेरी आणि तुआ गावापर्यंत जाऊन येणारी दोन तासांची. ही दोन तासांची घ्या, डोळे झाकून घ्या! दोन्ही बाजूंना डोंगराच्या डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले, काही ठिकाणी दगडी बांध इतके जवळजवळ की एका बांधावर वेलींची एकच ओळ. नाशिकला वाईनरी बघितलेल्यांना सपाट जमिनीवरचे तारांवर चढवलेले मळे डोळ्यासमोर येतील, इथे तसं काही नाही, माती पण नाही म्हणा, पाटीच्या दगडासारखा चिरफळणारा खडक, तो फोडून त्यात वेल लावलाय आणि मुळं फटीफटीतून खोल पाण्यापर्यंत जातात. मधेच काही बांध ओसाड, झुडपं वाढलेली किंवा ऑलिव्हची झाडं लावलेली दिसतात. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि मळेच्या मळे मेले, त्यातले काही परत लावलेच नाहीत, ते हे. १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबालने या प्रदेशाच्या सीमा ठरवून दिल्या, म्हणजे कुठल्या जमिनीतली वाईन पोर्ट म्हणायची हे पावणेतीनशे वर्षांपूर्वी कायद्याने ठरलंय, आणि २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

राबेलो म्हणजे सपाट तळाची, मागे लांबलचक वल्ह्यासारखं सुकाणू असलेली लाकडी बोट. वाईनची पिंपं यातूनच पोर्टोला जायची, एकेक पिंप साडेपाचशे लिटरचं. तेव्हा धरणं नव्हती, नदीला भयंकर ओढ, खडक, भोवरे. १८६१ मध्ये वर व्हालेरा नावाच्या धबधब्यासारख्या जागी बोट उलटून फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी बुडाला, ज्याने या नदीचे नकाशे काढले होते तोच! सांगतात की त्याच्या कमरेला सोन्याच्या नाण्यांचा पट्टा होता म्हणून तो तळाला गेला आणि त्याच बोटीतली दोना आंतोनिया फेरेरा घेरदार झग्यामुळे तरंगली. झग्याचं खरंखोटं देव जाणे, पण ही बाई मोठी होती, नवरा गेल्यावर धंदा हातात घेऊन अख्ख्या खोऱ्यातली सगळ्यात मोठी मळेवाली झाली. आता धरणांमुळे नदी तळ्यासारखी शांत आहे, ओढ कसली ती जाणवतही नाही, आणि मालवाहू राबेलो १९६० च्या दशकातच बंद झाल्या, वाईन टँकरने जाते.

टेस्टिंग पिन्याऊंतच करा असं मी म्हणेन. स्टेशनपासून चालत जाता येतील असे बोंफिम आणि रोएदा हे दोन मळे आहेत, आधी ऑनलाइन बुक करायचं, तोडणीच्या दिवसांत तर नक्कीच. गाडी भाड्याने घेऊन मळे फिरायचा मोह होतो, रेग्वा-पिन्याऊं रस्ता आहेही सुंदर, पण पोर्ट १९-२० टक्क्यांची असते, साध्या वाईनच्या दीडपट, आणि वळणं बघता ज्याने प्यायची त्याने चालवायची नाही. ट्रेन, बोट, पाय, पुरतं.

कशी करतात ते थोडक्यात: द्राक्षं दगडी हौदात तुडवतात, काही ठिकाणी अजूनही माणसं मांडीपर्यंत रसात उभी राहून रांगेने तुडवतात, काही ठिकाणी मशीन. रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, अर्धी साखर शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं, म्हणून गोडीही राहते आणि चढतेही. गोव्यात पोर्ट वाईन म्हणून जी स्वस्त, गोड बाटली मिळते तिच्यावरून मत बनवलं असेल तर ते इथे पहिल्याच घोटाला बदलतं.

चाखताना क्रम पांढरी, रुबी, एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज), मग टॉनी असा ठेवा. रुबी म्हणजे लाल, फळाची चव, तरुण. एलबीव्ही एकाच वर्षाच्या द्राक्षांची, चार ते सहा वर्षं लाकडात राहिलेली, माझ्या मते पैसा वसूल हीच. टॉनी छोट्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात, रंग उतरत उतरत मधासारखा होतो, अक्रोड, सुकं अंजीर, खारीक असं काहीबाही लागतं. नवऱ्याने दहा वर्षंवाली आणि वीस वर्षंवाली शेजारी शेजारी घेतली आणि मग तासभर बोललाच नाही. सासूबाईंना मळ्यातल्या मुलीने द्राक्षाचा रस दिला, न पिणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी देतात, आधी विचारा. पण आमची चर्चा ऐकून त्यांनी टॉनीच्या ग्लासाचा नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर द्राक्षासव." आणि खरंच, त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. ग्लास संपवायलाच पाहिजे असं काही नाही, थुंकायला भांडं असतं, आणि आधी पोटभर खाऊन जा.

गायातली गोदामं शेवटी पोर्टोला परतल्यावर करा, तेव्हा जास्त कळतं. १९८६ पर्यंत परदेशी जाणारी पोर्ट गायामधूनच पाठवायचा नियम होता म्हणून ही एवढी गोदामं इथे, समुद्रामुळे हवा थंड, मुरायला बरी. गाया चढावर आहे, गुडघेवाल्यांनी मेट्रोने दोम लुईस पुलाच्या वरच्या मजल्यावरून पलीकडे जावं आणि तिथून केबल कारने खाली यावं, उलट करू नये. सहा पुलांची बोट तेव्हा संध्याकाळी उरकून टाका, १८७७ चा आयफेलच्या कंपनीचा मारिया पिया रेल्वेपूल खालून बघायला मिळतो, तेवढ्यासाठी ठीक.

बाटल्या आणायच्या तर भारतात माणशी दोन लिटर ड्यूटी फ्री, म्हणजे ७५० च्या दोन आणि ५०० ची एक बसते. चेक-इन बॅगेतच घाला, कपड्यात गुंडाळून. व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी) आडवी ठेवावी लागते आणि उघडली की दोन दिवसांत संपवावी लागते, त्यामुळे घरी चार माणसं पिणारी नसतील तर टॉनी आणा, बुचाला वर प्लास्टिकची टोपी असते ती, उघडून फ्रिजमध्ये ठेवली तर महिनाभर राहते. गळ्यावरचा सरकारी कागदी सील बघून घ्या. आणि एअरपोर्टवरून घेणार असाल आणि मधे विमान बदलायचं असेल तर सीलबंद पिशवी मुंबईपर्यंत उघडू नका, उघडलेली असली तर मधल्या सिक्युरिटीला काढून घेतात.