तुम्ही विचारलंत म्हणून: एकच रेकॉर्ड सांगा!

दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही एवढं ऐकता, पियानो कन्चेर्टोची एकच रेकॉर्ड सांगा ना." (कन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि त्याच्याबरोबर अख्खा ऑर्केस्ट्रा अशी रचना.) माझं उत्तर ठरलेलं आहे. मोत्झार्टचे २० आणि २४ नंबरचे कन्चेर्टो. पियानोवर क्लारा हास्किल, पॅरिसचा लामूरू ऑर्केस्ट्रा, संचालक इगोर मार्केविच. फिलिप्सची रेकॉर्ड, नोव्हेंबर १९६०ची.

"म्हणजे ती मरायच्या आधीची?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. हो, तीच. ६ डिसेंबरला व्हायोलिनवादक आर्तूर ग्र्युमियोबरोबर कार्यक्रम करायला ती ब्रसेल्सला गेली, स्टेशनच्या जिन्यावरून पडली आणि दुसऱ्या दिवशी गेली. वय ६५. तेव्हापासून लोक या रेकॉर्डमध्ये मरण शोधत बसतात. मला ते अजिबात पटत नाही. बाई पुढच्या कार्यक्रमाला निघाली होती, निरोप कसला घेतेय? पाठीच्या कण्याच्या दुखण्यापायी तरुणपणीची काही वर्षं तिने प्लॅस्टरमध्ये काढली, १९४२मध्ये डोळ्याच्या नसेवरची गाठ काढावी लागली. पण वाजवण्यात कण्हणं नाही.

विसाव्या कन्चेर्टोची सुरुवातच ऐका. डी मायनर, म्हणजे उदास, गंभीर छटेची स्वरपट्टी. व्हायोलिनं तालाच्या मात्रा चुकवून एकाच सुरावर धपापत राहतात, खालून चेलो आणि बास ही खर्जातली तंतुवाद्यं हळूच गुरगुरतात. ऑर्केस्ट्रा भडकतो, शांत होतो आणि मग पियानो येतो. एवढ्या वादळानंतर तो जी धून घेऊन येतो, ती ऑर्केस्ट्राने आधी कुठेच वाजवलेली नसते. डाव्या हाताला जेमतेम काम. इथे बरेच वादक करुण व्हायला जातात, एकेक सूर ओढतात. हास्किल साधं बोलल्यासारखं वाजवते. कुणी आपल्याशी खालच्या आवाजात बोलू लागलं की आपण आपोआप पुढे सरकतो ना, तसं होतं. (आणि कृपा करून याला जुगलबंदी म्हणू नका. इथे कुणी कुणावर मात करत नाही.)

हा कन्चेर्टो ११ फेब्रुवारी १७८५ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला. मोत्झार्टचे वडील नेमके तेव्हा मुलाकडे आले होते. त्यांनी मुलीला पत्रात कळवलंय: ते पोचले तेव्हा नकलनवीस अजून सुरावटी उतरवतच होता आणि त्यावर देखरेख करण्याच्या गडबडीत वोल्फगांगला शेवटचा भाग एकदाही वाजवून बघता आला नव्हता! आपल्याकडच्या ऐन वेळी पडदा उघडणाऱ्या नाटकमंडळींना हे ओळखीचं वाटेल.

दोष सांगायचे तर तंतुवाद्यं काही ठिकाणी खरखरीत वाटतात. मार्केविच घाई करत नाही, पण लाडही करत नाही. मला हे चालतं. गुळगुळीत रेकॉर्डी पुष्कळ आहेत.

चोविसावा सी मायनरमधला. मोत्झार्टच्या २७ पियानो कन्चेर्टोंपैकी मायनरमधले एवढे दोनच, आणि ते एकाच तबकडीवर मिळतात. त्याच्या पहिल्या भागाचा शेवट मात्र गाडीत बसून ऐकू नका. कादेन्झा, म्हणजे पियानोने एकट्याने वाजवायचा तुकडा, झाली की एरवी पियानो हात आवरतो आणि ऑर्केस्ट्रा दणक्यात संपवतो. इथे पियानो थांबतच नाही, अगदी हलक्या हाताने फिरत राहतो, आणि सगळेच हळूहळू विझत जातात. रात्री, पंखा बंद करून ऐका. पंख्याच्या घरघरीत ते शेवटचे सूर मला कित्येक वर्षं ऐकूच आले नव्हते.