डाग खाली, उगम वर : आमची वाटचाल

माझे वडील सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारे मिस्त्री होते. चादरीवर तेलाचा डाग पडला की तो नग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात जायचा, म्हणून मालक आधी जॉबरला गाठायचा. वडील डागाकडे फारसं बघत नसत. ते वर बघायचे. तेल कुठल्या बेअरिंगमधून सुटलं, कुठल्या पट्टीवरून ओघळलं आणि कापडावर येऊन पडलं, हे शोधून काढायचे. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा हे पाहिलं होतं. पण ते माझ्या उपयोगाला आलं गॅरेज टाकल्यानंतर, आणि तेही एका चुकीनंतर.

जुन्या पुणे नाक्याजवळ पत्र्याचं शेड, एक खड्डा, दोन पेट्या पाने आणि धाकटा भाऊ, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. तुळजापूर-अक्कलकोटच्या भाविकांची ने-आण करणाऱ्या जीपा हेच तेव्हाचं मुख्य गिऱ्हाईक. त्यातली एक जीप ऑईल गळतंय म्हणून आली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत होते. मी खड्ड्यात उतरलो, बॅटरी मारली आणि मागचं क्रँक ऑईल सील (क्रँकच्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय असं सांगून मोकळा झालो. त्या सीलपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं. दोन दिवस गाडी उभी राहिली. ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, म्हणजे जीपवाल्याची कमाईची वेळ.

आठवड्यात तो परत आला. "गिअरबॉक्स उतरवलात, पैसे घेतलात, आणि डाग तर तिथंच हाय की ओ भाऊ."

त्या दिवशी वडील गॅरेजमध्येच होते. म्हणाले, "आधी धू, मग बघ." डिझेल आणि ब्रशने इंजिन वरपासून खालपर्यंत धुतलं, हवा मारून कोरडं केलं, पुणे रोडने बाळे गावाच्या पुढे जाऊन आलो. ताजी ओल होती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात. पॅकिंग उष्णतेने कडक होऊन चिरलं होतं. तिथून ऑईल इंजिनच्या पाठीमागून उतरायचं आणि बरोबर त्या जोडावर जमायचं. पॅकिंग बदलायला अर्धा तासही लागला नाही. गिअरबॉक्सची मजुरी मी त्याला परत केली. त्या महिन्यात शेडचं भाडं उशिरा दिलं, पण ते पैसे माझे नव्हतेच.

तेव्हापासून नियम आहे : इंजिन धुतल्याशिवाय गळतीच्या गाडीला पाना लावायचा नाही. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात ओली जागा क्वचितच खरी जागा असते. बघायची ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओल. बारीक पाझर असेल तर कोरड्या इंजिनवर साधी टाल्कम पावडर मारतो. गाडी फिरवून आणली की पावडरीवर रेघ उठते आणि ती वर जिथून सुरू होते तिथं आमचं काम असतं. तरीही सापडलं नाही तर ऑईलमध्ये चमकणारा रंग टाकून यूव्ही टॉर्चने बघतो.

यातून किती गिऱ्हाइकांचा खर्च वाचला! सील गेलं म्हणून आलेल्या गाडीत कधी ऑईल प्रेशर स्विचच्या टोपीतून तेल पाझरत असतं, कधी ड्रेन प्लगचा वॉशर बदललेला नसतो. कधी फिल्टर बदलताना जुन्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलेलं असतं आणि त्यावर नवा फिल्टर बसवलेला असतो. ही शेवटची चूक वाईट, कारण दाबाखालचं ऑईल थोड्या वेळात भडाभडा बाहेर येऊ शकतं.

ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेचा धडा मात्र आम्ही उशिरा शिकलो. नवं सील घातलेली गाडी पुन्हा ओली होऊन यायची आणि आम्ही सीलच्या दर्जाला दोष द्यायचो. ब्रीदरची नळी किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की इंजिनच्या पोटातला वायू कोंडतो आणि जो सांधा कच्चा असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. आता सील काढण्याआधी ब्रीदर बघतो. तो मोकळा असूनही ऑईलचं झाकण उघडल्यावर धूर जोरात धापा टाकत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता गिऱ्हाइकाला त्याच वेळी स्पष्ट सांगतो. काम जातं कधीकधी. जाऊ दे.

पोरांना मी दोन गोष्टींसाठी रागावतो. एक, चेंबरचे (इंजिनखालच्या ऑईलच्या तबकाचे) बोल्ट आवळत सुटणं. पत्र्याची कड वाकते, पॅकिंग बाहेर येतं आणि गळती वाढते. दुसरी, जोड बंद करायची सिलिकॉनची पेस्ट थापणं. बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, त्याचा तुकडा सुटून ऑईल पंपाच्या जाळीत अडकला तर प्रेशर पडतं आणि इंजिन बसतं. जोड घासून कोरडा करा, बारीक रेघ ओढा, बोल्ट टॉर्क पान्याने थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या वाढल्यावर आम्ही लिफ्ट घेतली, स्कॅनर घेतला. बऱ्याच इंजिनांना आता प्लॅस्टिकचं टॅपेट कव्हर असतं, काहींत ब्रीदरचा पडदा त्यातच बसवलेला असतो. तो फाटला तर अख्खं कव्हर बदलावं लागतं. किंमत ऐकून गिऱ्हाईक गप्प होतं, म्हणून फाटलेला पडदा आम्ही त्याच्या हातात देतो.

दुरुस्त झालेली गाडी रात्रभर आमच्याकडेच राहते, इंजिनखाली सेकंडमधल्या पांढऱ्या टॉवेलचा तुकडा अंथरून. सकाळी वडील येतात, एकेक टॉवेल उचलून उजेडात धरतात. ठिपका दिसला तर बोटाला लावून वास घेतात. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑईलला तो नसतो. टॉवेल कोरडा असेल तरच गाडीची चावी गिऱ्हाइकाला मिळते.