बटण अडकलं होतं

परवा दुपारी, मटण अंगावर आलेलं आणि घरातले सगळे आडवे झालेले, अशा वेळी मी प्लेस्टेशन लावलं आणि कुणा अनोळखी इसमाकडून मनसोक्त मार खाल्ला. ‘स्ट्रीट फायटर ६’, दोघांच्या मारामारीचा गेम. समोरचा कुठला, किती वयाचा, काही पत्ता नाही. मार खाण्याचं मला विशेष काही वाटत नाही, लहानपणापासून सवय आहे. पण हरल्याबरोबर तोंडातून आपसूक निघालं, “बटण अडकलं!” आणि ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. शिवाय बटणही अडकलेलं नव्हतं.

हे वाक्य म्हणजे आमच्या गावच्या व्हिडिओ गेम पार्लरचं ब्रीद. एसटी स्टँडच्या मागे, सायकलच्या दुकानाला लागून एक गाळा होता. शटर कायम अर्धं खाली, वाकून आत शिरायचं. आत चार मशिनं, त्यातलं एक सदा बंद. ‘मुस्तफा’च्या, म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’च्या मशिनवर खेळणारे जास्त, कारण तिथं मिळून खेळता यायचं. ‘स्ट्रीट फायटर’वर एकमेकांचीच टाळकी फोडायची, म्हणून तिथं बघे जास्त. रुपयाचं टोकन. हरला तो उठला. आणि उठताना प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, ते मधलं बटण दोन-तीनदा दाबून बघायचा, मान हलवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “काका, हे अडकतंय.” काका गल्ल्यावरून न उठता म्हणायचे, “तुझंच बरं अडकतं!”

‘स्ट्रीट फायटर’मधला झांगिफ नावाचा पैलवान घेणाऱ्यांवर काकांचा खास राग. त्याचा तो उचलून आपटायचा डाव मारायला दांडी पूर्ण गोल फिरवावी लागते, आणि पोरं ती रहाट ओढल्यासारखी फिरवत. दर पंधरवड्याला दांडी ढिली. मग काकांचा स्क्रूड्रायव्हर आणि तोंड एकाच वेळी चालायचं.

आमच्या ‘स्ट्रीट फायटर’च्या मशिनवर आणखी एक गंमत होती. लढता लढता स्टार्टचं बटण दाबलं की लढवय्याच बदलायचा. रियू म्हणून उडी मारावी आणि ब्लांका होऊन खाली यावं. एक आगीचा गोळा सोडला की चार-पाच सुटायचे, तेही नागमोडी. आम्हाला वाटायचं, खरा गेम असाच असतो. पुढे कळलं की मशिनमधली पाटीच, म्हणजे सर्किट बोर्डच, चोरटी होती. मूळ कंपनीच्या, कॅपकॉमच्या गेममध्ये असलं काही नव्हतंच. पण त्या चोरट्या पाट्यांचा वेग लोकांच्या असा काही अंगवळणी पडला, की १९९२ मध्ये कॅपकॉमला स्वतःचीच वेगवान आवृत्ती काढावी लागली. चोरानं मालकाला धावायला लावलं.

जून २०२३ मध्ये आलेल्या या सहाव्या भागात मात्र सगळा कारभार चोख. सरावाच्या खोलीत पडद्यावर एक पट्टी दिसते. बारीक बारीक चौकोन, एकेक चौकोन म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. हिरवे चौकोन म्हणजे डाव निघतोय, लाल म्हणजे आता लागेल, निळे म्हणजे हात मागे येतोय. त्या निळ्यात तुम्ही उघडे. झालेली लढत पुन्हा लावून बघता येते, आणि तेव्हा कोणतं बटण कोणत्या क्षणी दाबलं, हे बाजूला ओळीनं लिहून येतं. ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा एक दणका आहे. तो यायला २६ चौकोन लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. पडद्यावर रंगाचा सडा पडतो, आवाज होतो, समोरचा जणू पत्रिका पाठवून येतो. त्याला वाटेत दोन फटके पचवायची मुभा आहे, हेही जगाला ठाऊक. तरी माणूस घाबरून एकच लाथ मारतो आणि भिंतीवर जाऊन आदळतो. मग बटणाचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं? ते दाबलं गेल्याचं तिथं लिहिलेलंच असतं. बरं, नेट गंडलं म्हणावं, तर ऑनलाइन खेळही लोण्यासारखा चालतो.

इतका न्यायी गेम मी पाहिला नाही, आणि हाच मला त्याचा मोठा दोष वाटतो. हरणाऱ्याला थोडी आडोशाची जागा हवी.

मारामारी म्हणून मात्र तोड नाही. ती ड्राइव्हची, म्हणजे खास डावांना लागणाऱ्या ताकदीची, सहा घरांची पट्टी तर ज्यानं काढली त्याचे पाय धरावेत. सुरुवातीलाच भरलेली मिळते, हवी तशी उधळा, आणि संपली की तुमचा लढवय्या करडा पडतो. महिन्याची एक तारीख आणि पंचवीस तारीख, दोन्ही एका मिनिटात. करडा पडून कोपऱ्यात सापडलेल्याचं मग काय होतं, ते बघवत नाही. आणि कोपऱ्याचाच विषय निघाला म्हणून, तिथं एकदा धरून आपटलं की उठता उठता पुन्हा धरतात. सोडवायला जावं तर मारतात, मार अडवायला बसावं तर धरतात. हा निव्वळ छापा-काटा. आमच्याकडे लागोपाठ दोनदा धरलं की मागची पोरं बोंब मारायची, “ए, धरून नाय मारायचं!” जपानी कंपनीला एवढा साधा कायदा सुचू नये?

मॉडर्न कंट्रोल या सोप्या बटणपद्धतीवरून लोक हमरीतुमरीवर येतात. शोर्यूकेन, म्हणजे रियूचा उडी घेऊन मारायचा ठोसा, जुन्या पद्धतीनं मारायचा तर पुढे, खाली, तिरकं आणि गुद्दा, ज्यापायी आमच्या तळहाताची सालटं निघाली. मॉडर्नमध्ये पुढे आणि एक बटण, झाला शोर्यूकेन. मार २० टक्के कमी बसतो, एवढाच काय तो दंड. माझाही आधी जळफळाट झाला. आता ताई आली की हट्टानं मॉडर्न लावते आणि चुन लीनं मला लोळवते. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. त्या पार्लरवरून रोज शाळेत जायची, पण त्या अर्ध्या शटरखालून ती कधी आत आली नाही. कुठलीच मुलगी आली नाही. ‘येऊ नका’ असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणावं लागतच नसे. तेव्हा सालटं वगैरे जाऊ द्या.

बाकी तक्रारी किरकोळ. वर्ल्ड टूर नावाचा लांबलचक भाग आहे, त्यात रस्त्यात चक्क फ्रिज अंगावर येतो. पहिल्यांदा हसू येतं, नंतर कंटाळा. पोशाखांची विक्री तर निर्लज्जपणाच. निन्जा टर्टलचे पोशाख आणले ते एकेक १५ डॉलरच्या घरात, आणि तेही मुख्य लढवय्यांसाठी नव्हेत, आपण बनवलेल्या बाहुल्यासाठी!

बॅटल हब नावाचा ऑनलाइन अड्डा मात्र बघत बसावा असा आहे. तिथं जुन्या धर्तीची मशिनं मांडलीयत, आपला बाहुला जाऊन बसतो, कुणीतरी समोर येऊन बसतं, बाकीचे मागे उभे राहून बघतात. थोडक्यात, पार्लर. फक्त कुणी कोपर मारत नाही, आणि कान धरून न्यायला कुणाचे वडील येत नाहीत. लढतीला धावतं समालोचनही लावता येतं, जपानी नाहीतर इंग्रजी. निवेदक बिचारे हरणाऱ्यालाही धीर देतात. आमच्या मागच्या पोरांना हे काम दिलं असतं तर गेमवर बंदी आली असती.

सुरुवातीच्या १८ लढवय्यांत ढालसिम आहे. मी तोच घेतो. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, हातपाय रबरासारखे लांबणारे, असा हा जपान्यांच्या डोक्यातला भारतीय. जुन्या गेममध्ये त्याच्या मागे हत्तींची रांग असायची. पार्लरमध्ये त्याला कुणी हात लावत नसे, सगळे रियू-केनवर तुटून पडायचे. आपल्या देशाचा म्हणून त्याला घ्यावं, असं एकालाही सुचलं नाही. संथ होता ना. आता मला तो संथपणाच झेपतो. लांबून हात मारायचा, परत मागे सरकायचं, पुन्हा हात.

या ढालसिमला एक मुलगा आहे आणि त्याचं नाव दत्ता. खरंच दत्ता. सहाव्या भागात कथेतली वर्षं पुढे सरकलीयत, रियूनं दाढी राखलीय, म्हणजे दत्तालाही मिसरूड फुटून गेलं असणार. बापासारखी आग ओकतो की हिंजवडीत नोकरीला लागला, देव जाणे.