लाँचच्या रात्री

आज एका नव्या ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमचं लाँच होतं. आमची अख्खी टीम कामं उरकून वेळेवर हजर. आधी लॉगिनची रांग, मग सर्व्हरशी संपर्क तुटला, मग पुन्हा रांगेच्या शेवटी. कसेबसे आत शिरलो, तर गोळी समोरच्याला लागलेली दिसते, पण सर्व्हरच्या हिशेबात तो केव्हाच भिंतीआड गेलेला! बॅटल पास (खेळत जाऊन बक्षिसं मिळवायचा विकतचा पास) आणि स्किनचं, म्हणजे पात्रांच्या नव्या रूपांचं, दुकान मात्र पहिल्या मिनिटापासून चालू होतं. याचा खरंच राग आला. प्री-ऑर्डरचे आकडे कंपनीच्याच हातात असतात, गर्दी होणार हे तिला आधीच ठाऊक असतं.

एकट्याने खेळायचा गेम अर्धवट निघाला, तर पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, आल्यावर सावकाश खेळता येतो. इथे तसं नाही. माणसं गेली की मॅच जुळत नाहीत, आणि मॅच जुळत नाहीत म्हणून उरलेलेही जातात. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा असाच ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत दिले, हे चांगलं केलं. पण त्यावर वर्षानुवर्षं राबलेल्यांचं काय? तो गेम बनवणारा स्टुडिओही सोनीने त्याच वर्षी बंद केला.

'फायनल फँटसी फोर्टीन' हा स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ऑनलाइन गेम २०१० मध्ये असाच सपशेल आपटला होता. कंपनीने माफी मागितली, गेम मुळापासून नव्याने बांधला आणि २०१३ मध्ये परत आणला. लोक आजही तो खेळतात. एवढी हिंमत बाकीच्यांनी का दाखवू नये?

उद्या रात्री पुन्हा प्रयत्न करतोय. कुणाला नीट मॅच मिळाली असेल तर सर्व्हर कोणता निवडला ते कळवा.