'कर्ण' लिहिणाऱ्याला कुठे न्यायचं? माझा अनुभव

मी एका ऑनलाइन ज्ञानकोशासाठी गणिताचे लेख लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते. एका रात्री चौरसावरचा लेख समोर होता. 'चौरसाचे कर्ण समान लांबीचे असतात आणि परस्परांना काटकोनात दुभागतात.' वाक्य बिनचूक होतं. 'कर्ण' या शब्दाला दुवा दिलेला दिसला म्हणून सहज दाबला, तर पोचले 'काटकोन त्रिकोण' या लेखात. तिथे लिहिलं होतं की काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. चौरसाच्या कर्णाबद्दल त्या पानावर अवाक्षरही नव्हतं.

मला कर्ण म्हणजे काय ते माहीत होतं, त्यामुळे माझं काही अडलं नाही. पण जी मुलगी हा शब्द पहिल्यांदाच वाचतेय, तिचं काय? चौरसात कुठला त्रिकोण आणि कुठली समोरची बाजू, हे ती शोधत बसेल आणि शेवटी आपल्यालाच कळत नाही असं समजून पान बंद करेल. ते मला फार लागलं.

गोंधळ कसा झाला ते पानांचे इतिहास चाळल्यावर उमगलं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, हायपोटेन्यूज आणि डायगनल. मराठीत दोन्हींना आपण कर्णच म्हणतो, शाळेच्या पुस्तकातही. कुणीतरी इंग्रजीवरून त्रिकोणाचा लेख लिहिताना 'कर्ण (भूमिती)' असं पुनर्निर्देशन, म्हणजे ते शीर्षक उघडलं की वाचकाला आपोआप दुसऱ्या लेखावर नेणारं पान, तयार करून ते काटकोन त्रिकोणाकडे वळवलं होतं. पुढे चौकोनांवर लिहिणाऱ्यांना तेच शीर्षक आयतं मिळालं आणि त्यांनी तेच जोडलं. दोघांचंही काम आपापल्या जागी बरोबर होतं.

मी मात्र घाई केली. पुनर्निर्देशनाचा रोख सरळ 'चौकोन' या लेखाकडे वळवला आणि झोपले. सकाळी माझ्या चर्चा पानावर एका जुन्या संपादकांचा निरोप होता. ते निवृत्त गणित शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. 'ताई, रोख बदलण्याआधी "येथे काय जोडले आहे" पाहिलंत का? आता पायथागोरसच्या प्रमेयातला कर्ण चौकोनात जातोय.' एखाद्या पानाकडे कुठकुठल्या लेखांतून दुवे येतात त्याची ती यादी, मी ती पाहिली नव्हती. एका बाजूची चूक काढून तीच दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली होती. बदल लगेच मागे घेतला, सरांची क्षमा मागितली आणि रीतसर चर्चा मांडली. इंग्रजी विकिपीडियावर अशा चर्चा साधारण सात दिवस चालतात. आम्हीही आठवडाभर खुली ठेवायचं ठरवलं.

पहिलं मत असं आलं की हे पुनर्निर्देशन थेट महाभारतातल्या कर्णाकडे न्यावं, कारण त्या पानाला सगळ्यात जास्त भेटी असतात. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. नुसतं 'कर्ण' लिहिणाऱ्यांतले बहुतेक जण त्या वीराच्याच शोधात असणार, यात मलाही शंका नव्हती आणि ते साधं शीर्षक त्याच्याकडेच राहावं असं माझंही मत होतं. पण एखाद्या पानाला किती भेटी आहेत यावरून ते पान किती वाचलं जातं एवढंच कळतं. अमुक शब्द टाइप करणारा काय शोधत होता, ते त्या आकड्यात नसतं. आणि ज्याने कंसात 'भूमिती' लिहिलंय त्याने आपला विषय स्वतःच सांगितलेला आहे. त्याला कुंतीच्या मुलापाशी नेऊन सोडणं म्हणजे त्याचं ऐकूनच न घेणं.

नुसत्या भेटींवर न जाण्याची पद्धत मोठ्या ज्ञानकोशांतही आहे. इंग्रजी विकिपीडियावर 'जावा' लिहिलं की इंडोनेशियाचं बेट उघडतं. त्या नावाची संगणकाची भाषा जगभर वापरतात, तरी बेटाचं नाव फार जुनं आणि त्याचं महत्त्व टिकणारं, हेही तोलात धरलं जातं. 'मर्क्युरी' लिहिलं तर मात्र कुणा एकाकडे न नेता ग्रह, धातू, रोमन देव अशी यादी समोर येते. एका संपादकाने हेच उदाहरण देऊन सुचवलं की इंग्रजीतल्या अशा याद्या आपण जशाच्या तशा उतरवून घेऊ. तिथे मी ठाम नकार दिला. मराठीत ग्रह म्हणजे बुध आणि धातू म्हणजे पारा, त्यांची गल्लत होतच नाही. आपली गल्लत 'गुरू' लिहिताना होते, 'कर्ण' लिहिताना होते. संदिग्धता ज्या त्या भाषेची असते, आणि मराठीतली शोधायची तर मराठीच वाचावं लागतं.

दुसरं मत होतं की पुनर्निर्देशन काढूनच टाकावं, वाचकाला शोधाचे निकाल दिसतील, त्यातून तो निवडेल. हे मला पटलं नाही. जुने दुवे तुटतात, लोकांनी जपून ठेवलेल्या खुणा रिकाम्या पानावर जातात.

तिसरं मत सरांचं, आणि खरा विचार करायला लावला तो त्यांनी. आयताचा कर्ण काढला की दोन काटकोन त्रिकोण तयार होतात, आणि त्या दोन्हींचा कर्ण म्हणजे तीच रेषा. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तही काटकोन त्रिकोणाच्या बाजू भुज, कोटी आणि कर्ण याच नावांनी येतात. मग हे दोन अर्थ वेगळे कसे, दोन्हींचा मिळून एकच लेख का नको, असं ते म्हणाले. मी दोन दिवस यावर उत्तर दिलं नाही. मग पंचकोन काढून पाहिला. त्याला पाच कर्ण, आणि नियमित पंचकोनात ते काढून झाल्यावरही कुठे काटकोन दिसत नाही. आयतात दोन्ही अर्थ एका रेषेवर येतात, पण बहुभुजाकृतीचा कर्ण म्हणजे शेजारी नसलेले दोन शिरोबिंदू जोडणारा रेषाखंड, त्याला काटकोनाची गरज नाही. चर्चेत मी एवढंच लिहिलं. सरांचं उत्तर आलं, 'मान्य. पंचकोन माझ्या ध्यानात नव्हता.'

अर्थ दोनच असले आणि त्यातला एक ठळक असला, तर वेगळं पान न करता ठळक लेखाच्या माथ्यावर 'दुसऱ्या अर्थासाठी इकडे पाहा' अशी एक ओळ पुरते. पण इथे ठळक कोणता? 'कर्ण (भूमिती)'कडे येणारे सगळे दुवे मी वहीत मांडून एकेक वाचला. जवळजवळ निम्मे-निम्मे निघाले. त्यावर चर्चा मिटली. 'कर्ण (भूमिती)' हे दोन ओळींचं निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच शब्दाचे वेगळे अर्थ दाखवून योग्य लेखाकडे नेणारी यादी, करायचं ठरलं. एक ओळ काटकोन त्रिकोणातल्या काटकोनासमोरच्या बाजूची, दुसरी बहुभुजाकृतीच्या लगतचे नसलेले शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाची. महाभारतातल्या कर्णाच्या लेखावर माथ्याची ओळ आली, आणि इतर अर्थांच्या यादीत कलचुरी आणि चौलुक्य घराण्यांतले कर्ण नावाचे राजेही बसले.

पान केल्यावर कळलं की 'कर्ण (गणित)' नावाचं आणखी एक पुनर्निर्देशन आहे आणि तेही त्रिकोणाकडेच जातंय. ते नव्या पानाकडे वळवलं. असं करताना एक जपावं लागतं: एका पुनर्निर्देशनाचा रोख दुसऱ्या पुनर्निर्देशनावर ठेवला तर प्रणाली एकच उडी घेते आणि वाचक मधल्याच पानावर अडकतो.

आणि मग खरं काम, जे चर्चेत कुणाला दिसत नाही. लेखातला दुवा यादीवर सोडून देता येत नाही. लिहिणाऱ्याला कोणता कर्ण म्हणायचाय ते त्या वाक्यातून स्पष्ट असतं, तेव्हा वाचकाला तिथूनच नेमक्या जागी पाठवायचं. वहीतली यादी घेऊन तीन संध्याकाळी बसले. बरेचसे दुवे वाचताक्षणी कळत होते.

शेवटचा होता 'समभुज चौकोन' या लेखात. कर्ण ६ आणि ८ असतील तर बाजू किती, असं सोडवलेलं उदाहरण. 'अर्ध्या कर्णांची लांबी ३ आणि ४. त्यांच्यातला कोन काटकोन असल्याने चौकोनाची बाजू हा त्या त्रिकोणाचा कर्ण होतो, म्हणून बाजू ५.' एकाच उदाहरणात दोनदा कर्ण, दोन्हींना तोच दुवा. पहिला बहुभुजाकृतीच्या कर्णाला जोडला, दुसरा काटकोन त्रिकोणाला. जतन केलं, दोन्ही दाबून पाहिले, आणि सरांच्या चर्चा पानावर त्या लेखाचा दुवा ठेवला.