अर्धवट अपडेटने अडकलेला राउटर: आतापर्यंतची प्रगती

सुरुवातीची स्थिती अशी. अ‍ॅडॉप्टर लावला की पॉवरचा दिवा लागतो, बाकीचे दिवे एकदा चमकून विझतात आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. वायफायचं नाव दिसत नाही, सेटिंगचं पान उघडत नाही. चिपळूणला मावशीकडे फर्मवेअर (राउटरच्या आतलं कायमचं सॉफ्टवेअर) अपडेट चालू असताना लाइट गेली, तेव्हापासून असं आहे. तिथल्या दुकानात "बोर्ड गेला, नवा घ्या" असं सांगितलं गेलं. दिव्यांचं ते चक्र बघून मला मात्र धीर आला. पुन्हा पुन्हा सुरुवात होते म्हणजे बूटलोडर (चालू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) बहुधा शाबूत आहे. तो कर्नेल (फर्मवेअरचा गाभा) उचलायला जातो आणि तिथे अडखळतो.

आत मीडियाटेकची एमटी७६२८ चिप, ६४ एमबी रॅम आणि ८ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण) आहे. या फ्लॅशचे विभाग पाडलेले असतात: आधी बूटलोडर, मग त्याच्या सेटिंग, मग ‘फॅक्टरी’ नावाचा ६४ केबीचा छोटा तुकडा आणि उरलेल्या जागेत फर्मवेअर. नेहमीचं अपडेट फक्त शेवटच्या भागावर लिहितं, त्यामुळे अशा अपघातात बाकीचे विभाग सहसा वाचतात.

शनिवार सकाळ. केस न उघडता जमतं का ते आधी बघितलं. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. टीपी-लिंकची बरीच मॉडेल रीसेट दाबून चालू केली की १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) फाइल मागतात. नेटगिअरची अनेक मॉडेल उलट स्वतःच फाइल घ्यायला तयार बसतात. आसुसमध्ये पॉवरचा दिवा संथ लुकलुकला की रेस्क्यू मोड आला असं समजायचं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: कॉम्प्युटर आणि राउटरच्या मध्ये एक साधा स्विच लावा. थेट केबल जोडली तर राउटर रीस्टार्ट होताना कॉम्प्युटरचं पोर्टही बंद पडतं आणि ते पुन्हा जागं होईपर्यंत बूटलोडरची ती दोन-तीन सेकंदांची विचारणा निघून जाते. मध्ये स्विच असला की पोर्ट चालूच राहतं. शिवाय वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा, म्हणजे राउटर कोणता पत्ता शोधतोय हे त्याच्या एआरपी (‘हा पत्ता कुणाचा?’ अशा) विचारणांमधून सरळ दिसतं. विंडोजवर फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करा, कारण टीएफटीपी यूडीपीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं आणि ते बहुतेक वेळा अडवलेलं असतं.

आमचा राउटर तारेवर एक शब्द बोलला नाही. म्हणजे या बूटलोडरमध्ये ती सोय नाही. केस उघडायची ठरली.

शनिवार दुपार. स्क्रू रबरी पायांखाली होते, बाकी कडेच्या खाचा जुन्या सिमकार्डाने सुटल्या. बोर्डाच्या कडेला ओळीत चार छिद्रं, हीच सिरियल जोडणी, म्हणजे बूटलोडरचे संदेश वाचायची वाट. मल्टिमीटरने ओळख पटवली: अ‍ॅडॉप्टरच्या सॉकेटच्या ऋण टोकाशी बीप देतं ते ग्राउंड, स्थिर ३.३ व्होल्ट दाखवतं ते पुरवठ्याचं, चालू होताना व्होल्टेज थरथरतं ते टीएक्स (पाठवणारं) आणि उरलेलं आरएक्स (घेणारं). यूएसबी-टीटीएल मोड्यूल (ही जोडणी कॉम्प्युटरच्या यूएसबीला आणणारं) ३.३ व्होल्टवर ठेवून तीनच तारा जोडल्या: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला आरएक्स, आरएक्सला टीएक्स. पुरवठ्याची तार जोडायची नाही, बोर्डाला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे. (ही मोड्यूल पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.) वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवला. अक्षरं कचरा दिसली तर ५७६०० करून बघा.

आणि पडद्यावर ओळी येऊ लागल्या! यू-बूट (हाच इथला बूटलोडर) सुरू झाला, कर्नेलचं हेडर सापडलं, चेकसम (मजकूर बरोबर आहे का ते ताडायचा आकडा) तपासायला घेतला आणि उत्तर आलं ‘बॅड डेटा सीआरसी’. लगेच रीसेट. सगळा उलगडा या एका ओळीत आहे. हेडरमध्ये पुढच्या मजकुराची लांबी आणि सीआरसी (हाच तो चेकसम) लिहिलेला असतो. नवं हेडर फ्लॅशवर उतरलं, मागचा मजकूर पूर्ण उतरायच्या आत वीज गेली, त्यामुळे हिशेब जुळत नाही. चिप ठणठणीत आहे.

रविवार. यू-बूटचा मेनू पकडायला सुरुवातीच्या क्षणी आकडा दाबावा लागतो. १ म्हणजे फाइल टीएफटीपीने आणून फक्त रॅममध्ये चालवणं, २ म्हणजे आणून फ्लॅशवर लिहिणं, ९ म्हणजे बूटलोडरच बदलणं. ९ ला हात लावू नका, तो लिहिताना काही बिघडलं तर मग फ्लॅश चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमर या उपकरणाने लिहिण्याशिवाय गत्यंतर नाही. २ चा मोह होतो, पण मी १ च घेतो आणि तुम्हीही तेच घ्या असा माझा आग्रह आहे. याच मॉडेलची ओपनडब्ल्यूआरटीची (राउटरसाठीचं मुक्त लिनक्स फर्मवेअर) इनिट-रॅम-एफएस फाइल (पूर्णपणे रॅममध्येच चालणारी) दिली, मेनूने राउटरचा आणि सर्व्हरचा पत्ता विचारला, आणि थोड्या वेळात रॅममध्ये पूर्ण लिनक्स उभं राहिलं. फ्लॅशवर अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

आग्रहाचं कारण तो फॅक्टरी विभाग. त्यात या एकाच बोर्डाचं कॅलिब्रेशन असतं: कारखान्यात मोजलेली चॅनलनिहाय प्रक्षेपणशक्ती, क्रिस्टलच्या वारंवारितेतली दुरुस्ती, मॅक पत्ते (उपकरणाचे स्वतःचे नेटवर्क-क्रमांक). फर्मवेअर कधीही पुन्हा डाउनलोड करता येतं, हा तुकडा जगात दुसरीकडे कुठेही नसतो. दुसऱ्या राउटरमधून उसना आणला तर वायफाय चालेल, पण रेंज घसरू शकते आणि मॅक पत्ता दुसऱ्याचा लागतो. म्हणून सगळे विभाग वाचून कॉम्प्युटरवर उतरवले आणि फॅक्टरी विभाग हेक्समध्ये (एकेक बाइट आकड्यांत दाखवून) उघडला. पहिले दोन बाइट २८ आणि ७६, म्हणजे ७६२८ उलट क्रमाने. थोडं पुढे खालच्या स्टिकरवरचाच मॅक पत्ता. जीव भांड्यात पडला. प्रत दोन ठिकाणी ठेवली आणि मगच सिसअपग्रेडने (ओपनडब्ल्यूआरटीची फर्मवेअर लिहायची आज्ञा) कायमचं फर्मवेअर लिहिलं.

सध्या राउटर स्वतःच्या फ्लॅशवरून चालू होतो आणि २.४ गिगाहर्ट्‌झ नीट चालतं. ५ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ दिसतो, पण देश भारत निवडून जाड भिंतीपलीकडे वेग मोजायचा राहिला आहे. केबलवाल्याकडून पीपीपीओईचं (इंटरनेट लॉग-इनचं) युजरनेम आणि पासवर्डही मागवायचा आहे. ८ एमबीत जास्तीची पॅकेजेस मावणार नाहीत, मावशीला त्यांची गरजही नाही. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो बघतो आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कुणी वापरला असेल तर बॅटरी खरोखर किती वेळ टिकते ते सांगा, त्यावरून कोणता घ्यायचा ते ठरवीन.